चोखोबांचे चरित्रकार किसन फागुजी बनसोडे

नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात उभे राहून मान वर केली, की टेकडीवरचा किल्ला दिसतो. १८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात या टेकडीवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज जिंकले. जिंकल्याबरोबर त्यांनी कागद केले. कोणती पलटण कुठे उभी होती, कोण पडले, कोण जखमी झाले, सारे लिहून वरिष्ठांकडे धाडले. ते कागद जपून ठेवले गेले, त्यांवरून ग्रंथ झाले, आणि आज दोनशे वर्षांनंतरही त्या दोन दिवसांची हकीकत कुणालाही वाचता येते.

याच सीताबर्डीत महारांची एक जुनी वस्ती होती. तिला महारपुरा म्हणत, पुढे तिचे आनंदनगर झाले. तिथे माणसे राहिली, राबली, भजने म्हणाली, मुलाबाळांना वाढवून निघून गेली. त्यांचे मात्र कागद कुणी केले नाहीत. करणार कोण? ज्याच्यापाशी कचेरी, कारकून आणि कुलूप लावायला कपाट, त्याचा इतिहास राहतो. बाकीच्यांचा वाऱ्यावर जातो. आता तुम्ही म्हणाल, आपल्या वारकऱ्यांच्या मासिकात हे कशाला? तर वाचकहो, आज ज्या पुरुषाचे चरित्र सांगायचे आहे त्याने जन्मभर याच एका गोष्टीशी झुंज दिली, आणि ती चोखोबांचे नाव घेऊन दिली. म्हणून हे आपल्या घरचेच चरित्र आहे.

त्यांचे नाव किसन फागुजी बनसोडे. जन्मगाव मोहपा, जिल्हा नागपूर, कळमेश्वर तालुका. विदर्भातल्या वारकऱ्यांना हा तालुका वेगळा सांगायला नको. आपले धापेवाडा याच तालुक्यात. तिथे विठोबाचे देऊळ आहे, खाली वाहणाऱ्या नदीलाही चंद्रभागाच म्हणतात, आणि आषाढीचा सोहळा उरकला की देव पंढरीहून इथे येतात अशी लोकांची श्रद्धा आहे. विदर्भाची पंढरी ती हीच. परंतु महाराच्या घरी जन्मलेल्या पोराला त्या काळी देवळाची पायरी चढता येत नसे. देव घराजवळ आला, तरी दाराबाहेरूनच हात जोडायचे. चोखोबांच्या वाट्याला जे पंढरीत आले, तेच साडेपाचशे वर्षांनी या मुलाच्या वाट्याला गावाजवळच्या पंढरीत आले.

चोखोबांची कथा आपल्या कीर्तनात नेहमी येते. तरी इथे थोडी आठवू या, कारण किसनजींचे सारे आयुष्य तिच्याभोवती फिरते. विदर्भात परंपरेने त्यांचे जन्मगाव मेहुणाराजा मानतात, ते बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजाजवळ आहे. राहणे मंगळवेढ्याचे. तिथे कुसवाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि वेठीला लावलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले, त्यांत चोखोबा गेले. ते साल १३३८, शके १२६०. नामदेवराय तिथे गेले, तेव्हा ढिगाऱ्यात कुणाची हाडे कोणती हे ओळखू येईना. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती उचलली, पंढरीला आणली आणि महाद्वारापाशी समाधी दिली. चोखोबांना स्वतः लिहिता येत नव्हते. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे संप्रदायात सांगतात. त्यांचे साडेतीनशेच्या आसपास अभंग गाथ्यात आहेत. शिवाय पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा यांचेही आहेत. एका अस्पृश्य घरातल्या पाच जणांचा शब्द सहाशे वर्षे टिकला, ही काही लहान गोष्ट नाही. नामदेवांनी हाडे ओळखली आणि लिहिणाऱ्याने शब्द उतरून घेतले म्हणून तो टिकला.

पण इथेच जरा थांबून बघा. शब्द आपण ठेवला आणि माणूस दाराबाहेर ठेवला. चोखोबांचे अभंग देवळात म्हटले जात, आणि चोखोबांच्या जातीचा वारकरी महाद्वारापाशी समाधीपर्यंतच येई. त्याच्यापुढे त्याला वाट नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा पंढरीचे दार उघडले. १३३८ ते १९४७, म्हणजे सहाशे नऊ वर्षे. हा आपल्या घरचा हिशेब आहे, आणि किसनजींचे चरित्र सांगताना तो झाकून ठेवला तर चरित्र खोटे होईल.

किसनजी मोठे झाले तेव्हा नागपूर बदलू लागले होते. १८६१ पासून हे शहर मध्यप्रांताची राजधानी होते. कचेऱ्या वाढल्या, आगगाडी आली. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतून महार मंडळी मोठ्या संख्येने गिरणीत कामाला आली. गावकीच्या बांधीलकीतून सुटून हातात रोख मजुरी येऊ लागली. या मजुरीतूनच पुढे शाळा, वसतिगृहे, भजनी मंडळे आणि छापखाने उभे राहिले. विदर्भातल्या त्या पहिल्या पिढीत विठोबा रावजी मूनपांडे, गणेश आकाजी गवई, कालीचरण नंदागवळी असे कार्यकर्ते होते, आणि त्यांच्याबरोबरीने किसनजी होते.

किसनजींनी हात घातला तो प्रथम शिक्षणाला, आणि तेही मुलींच्या. १९०७ साली त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. त्या काळात वरच्या म्हणवणाऱ्या घरांतूनही मुलगी शाळेत पाठवणे कठीण होते. मग ज्या घरात बाप गिरणीत, आई मजुरीला आणि थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन घरी, त्या घरातून मुलगी बाहेर काढणे किती कठीण! तरी त्यांनी काढली. चोखोबांना अक्षर येत नव्हते, त्यांचे बोलणे दुसऱ्याला लिहावे लागले. चोखोबांच्या नावाच्या शाळेतून निघालेल्या मुलीला मात्र आपले आपण लिहिता यावे, असा त्या नावात अर्थ होता असे आम्हाला वाटते.

ही शाळा एकटी राहिली नाही. नागपूरला जाईबाई चौधरी म्हणून एक बाई होत्या. दुष्काळाने त्यांचे कुटुंब नागपूरला आणले होते. नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहण्याचे काम त्यांनी केले. त्याच शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९२२ साली त्यांनीही मुलींची शाळा उघडली. नाव पुन्हा तेच, संत चोखामेळा. एक नाव घेऊन एका शहरात दिव्याने दिवा असा लागत गेला.

शाळेनंतर छापखाना. हे किसनजींचे खरे कार्य. १९१० साली त्यांनी आपला छापखाना घातला आणि निराश्रित हिंद नागरिक हे पत्र काढले. त्याच १९१० साली सरकारने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागणारा कडक कायदा केला होता. पैसेवाल्यालाही पत्र काढताना विचार पडावा असे ते दिवस. त्यात वाचणारे किती? ज्या समाजासाठी पत्र काढायचे त्या समाजात अक्षर ओळखणारी माणसे बोटावर मोजावी इतकी. एकाने वाचायचे आणि दहा जणांनी भोवती बसून ऐकायचे, पोथी ऐकतात तसे. घरचा हातभार होता म्हणून हे चालले. पत्नी तुळसाबाई शाळेच्या आणि छापखान्याच्या कामात बरोबरीने राबल्या. खिळे जुळवणे, मजकूर तपासणे, अंक घड्या घालून पाठवणे ही कामे दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून पत्र निघत नाही.

१९१३ मध्ये त्यांनी दुसरे पत्र काढले, त्याचे नाव विटाळ विध्वंसक. नाव कडक आहे. पण वारकऱ्याने त्याला बिचकू नये. विटाळ म्हणजे काय, तो कुठून आला आणि त्याच्यावाचून देह कुणाचा आहे, हा प्रश्न आपल्या संतमंडळींत चोखोबांनी आणि सोयराबाईंनी फार आधी विचारून ठेवला आहे. किसनजींनी तोच प्रश्न उचलून पत्राच्या माथ्यावर छापला, इतकेच. १९१८ मध्ये मजूर पत्रिका निघाली, ती गिरणी कामगारांसाठी. आणि शेवटी १९३६ मध्ये जे पत्र निघाले त्याचे नाव चोखामेळा.

याच काळात सरकारही या लोकांविषयी लिहीत होते, बरं का. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात महारांवरही प्रकरण आहे. त्यांचा पेहराव, लग्नविधी, खाणेपिणे, कामे, सारे त्यात आहे. ग्रंथ परिश्रमाचा आहे आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पण तो बाहेरून पाहणाराने लिहिला. १९१३ आणि १९१८ च्या मध्ये हा १९१६ चा ग्रंथ येतो. एकाच प्रांतात, एकाच माणसांविषयी, एकीकडे अधिकारी लिहीत होते आणि दुसरीकडे ती माणसे स्वतः लिहीत होती. चार खंड ग्रंथालयांच्या कपाटात गेले. वस्तीतल्या छापखान्याचे कागद वस्तीतच राहिले. कुणाचे छप्पर गळले, कुणाच्या घरात वाळवी लागली, कुणी पुड्या बांधल्या. दोन्हीकडे शाई सारखीच होती, जपणाऱ्याचे बळ सारखे नव्हते.

१९२० च्या मे महिन्याअखेर नागपुरात अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू महाराज, आणि तरुण आंबेडकर तिथे आले होते. तिथून एक नवे युग सुरू झाले असे म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु ज्या नागपुरात ते पीक आले तिथली जमीन दहा-पंधरा वर्षे आधीपासून कुणीतरी नांगरत होते. त्या नांगरणाऱ्यांत किसनजी होते.

आता या चरित्रातला अवघड भाग येतो. तो आम्ही टाळणार नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ या दिवशी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. नागपूरची तरुण मंडळी त्यांच्यामागे एकदिलाने गेली. त्या तरुणांचा सवाल साधा होता. चोखोबांनी इतकी भक्ती केली, त्यांना काय मिळाले? पायरी मिळाली. आम्हीही आणखी सहाशे वर्षे पायरीशीच बसायचे काय? या सवालाला आपल्या संप्रदायापाशी तेव्हा चांगले उत्तर नव्हते. पंढरीचे दार अजून बंद होते, मग उत्तर कुठले असणार?

किसनजींनी धर्मांतराला मान्यता दिली नाही. ज्यांनी विटाळाविरुद्ध पत्र चालवले, सनातन्यांवर आसूड ओढले, ते किसनजी चोखोबांना सोडायला तयार झाले नाहीत. घोषणेनंतरच्या वर्षी त्यांनी चोखामेळा हे पत्र काढले आणि १९४१ मध्ये चोखोबांचे चरित्र लिहिले. वारे पूर्ण उलटे फिरलेले असताना त्यांनी ते लिहिले. देवळातले लोक त्यांना आत घेत नव्हते, आणि आपली माणसे त्यांना मागे टाकून पुढे निघाली होती. या दोहोंच्या मध्ये हा माणूस एकटा बसून एका संताचे चरित्र जुळवीत होता. त्यांची बाजू बरोबर की तरुणांची, याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. ज्यांनी दार बंद ठेवले त्यांच्या वारसांनी, दाराबाहेरच्यांनी कुठे जावे हे सांगू नये. आम्ही एवढेच म्हणतो, की चोखोबा आमचे आहेत असे आम्ही सोयीने म्हणत आलो, आणि किसनजींनी ते किंमत देऊन म्हटले.

१० फेब्रुवारी १९४६ या दिवशी त्यांनी देह ठेवला. पंढरीचे दार त्यानंतर सव्वा वर्षाने उघडले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. मार्ग वेगळे झाले, तरी चोखोबांचे नाव तिथेही राहिलेच. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी नागपुरातच लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वस्त्यांतली जुनी भजनी मंडळे सरली, देव्हारे निघाले.

अशा वेळी किसनजींना कोण आठवणार? सरकारच्या दप्तरात अशा माणसाला जागा नसते. देवळाच्या वहीत त्याचे नाव नसते. आणि स्वतःच्या लोकांच्या नव्या इतिहासात तो वाट चुकलेला ठरतो. दुबळ्या लोकांच्या इतिहासातसुद्धा कुणी ना कुणी बाहेर राहतोच. तिथलाही महाद्वार असतोच, आणि त्याच्याही पायरीशी कुणीतरी बसलेला असतो.

इथे आपण पुन्हा सीताबर्डीला येतो. त्या महारपुऱ्यात १९३२ साली वसंत मून यांचा जन्म झाला. आई मजुरी करी, घरात गरिबी. तो मुलगा शिकला आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिकारी झाला. बाबासाहेबांच्या निष्ठावंत अनुयायांत त्यांची गणना होते. १९७८ मध्ये सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाच्या प्रकाशनाचे काम त्यांच्याकडे दिले. पुढल्या वर्षीच पहिला खंड निघाला आणि मग एकामागून एक निघत गेले. अप्रकाशित हस्तलिखितांचे कागद लावून, जुळवून, तपासून छापायचे, हे काम किती चिकाटीचे असेल ते ज्याने जुनी पोथी उतरली आहे त्यालाच कळेल.

याच वसंत मून यांनी १९८७ मध्ये आणखी एक ग्रंथ लिहिला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात डॉ. आंबेडकरांच्या आधी दलितांची जी चळवळ झाली तिचा तो इतिहास आहे. किसनजींची पिढी त्यात आहे. मून बौद्ध, बाबासाहेबांच्या मार्गावर पूर्ण विश्वास असलेले. किसनजी त्या मार्गाला न गेलेले. मनात आणले असते तर मून यांना ते पान कोरे सोडता आले असते, आणि कुणी बोलही लावला नसता. त्यांनी ते सोडले नाही. जो आपल्याबरोबर आला नाही त्याचेही श्रम त्यांनी लिहून ठेवले. १९८९ मध्ये त्यांच्या पत्नी मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला, त्यामुळे त्या काळी राबलेल्या बायकांची नावे राहिली. आणि १९९५ मध्ये मून यांनी आपल्या वस्तीचेच पुस्तक केले. त्याचे नाव वस्ती. २००१ मध्ये गेल ऑम्वेट यांनी ते इंग्रजीत नेले. २००२ साली मून वारले. टेकडीवरच्या किल्ल्याला जे १८१७ पासून मिळत आले होते, ते टेकडीखालच्या वस्तीला असे उशिरा का होईना मिळाले. तिचे कागद झाले.

मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात नामदेवरायांनी काय केले? हाडे सगळी सारखीच दिसत होती. त्यांनी कान लावला. ज्यात आवाज होता ते उचलले आणि मानाने आणून ठेवले. जात पाहिली नाही, कोणत्या मताचा ते पाहिले नाही. इतिहास जपणे म्हणजे दुसरे काही नाही. किसनजींनी चोखोबांसाठी कान लावला आणि मून यांनी किसनजींसाठी.

वाचकहो, आता हे काम थोडे आपल्याकडेही येते. तुमच्या गावात महारवाड्याची, मांगवाड्याची, चांभारवाड्याची एखादी जुनी दिंडी असेल. कुणाच्या माळ्यावर भजनाची वही असेल, तिच्या पहिल्या पानावर विणेकऱ्याचे नाव असेल. एखाद्या म्हातारीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, ज्या कुठल्याच गाथ्यात नाहीत. कुणाकडे चोखामेळ्याच्या नावाने निघालेल्या शाळेचा किंवा वसतिगृहाचा कागद असेल. ते बघा. वहीवर गाव, नाव आणि साल लिहा. ओल नसलेल्या जागी ठेवा, कडुलिंबाचा पाला घाला, एक नक्कल करून गावच्या वाचनालयात द्या. ज्यांनी बौद्ध धम्म घेतला त्यांच्या घरी जाल तेव्हा नम्रतेने जा. त्यांचे ते कागद त्यांचेच आहेत. आपण फक्त जपायला हात लावायचा आहे, आणि त्यांनी नको म्हटले तर परत फिरायचे आहे.

पुढल्या आषाढीला महाद्वारापाशी याल तेव्हा चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवताना मोहप्याच्या या किसनजींची आठवण असू द्या. ते त्या पायरीच्या पुढे गेले नाहीत, आणि तिथून मागेही फिरले नाहीत.

रामकृष्ण हरि.